संभाव्यतेचा पहिला धडा

एक नाणें दोन वेळां फेकावयाचें आहे. त्या दोन फेकींत निदान एकदां तरी छापा पडण्याचा संभव किती? प्रश्न शाळकरी मुलासही समजण्यासारखा आहे, आणि संभाव्यताशास्त्राच्या कोणत्याही प्रारंभिक अभ्यासक्रमांत तो पहिल्या एकदोन आठवड्यांतच विद्यार्थ्यापुढें येतो. इ. स. १७५४ मध्यें फ्रान्समधील प्रसिद्ध विश्वकोशाच्या चवथ्या खंडांत दालांबेर या गणितज्ञानें या प्रश्नाचा विचार केला आहे. त्याची विचारसरणी अशी: पहिल्याच फेकीस छापा पडला तर काम झालें; दुसरी फेक करण्याचें कारणच उरत नाहीं. पहिल्या फेकीस कांटा पडला तर दुसऱ्या फेकीस एक तर छापा पडेल, नाहीं तर पुन्हां कांटा. म्हणजे एकंदर प्रकार तीन, त्यांपैकीं अनुकूल दोन. तेव्हां संभव दोन-तृतीयांश. त्या काळचे इतर गणितज्ञ या प्रश्नाचें उत्तर तीन-चतुर्थांश असें देत असत. दालांबेरला तें पटत नव्हतें, पण बरोबर उत्तर तेंच होतें.

दालांबेर हा कांहीं सामान्य मनुष्य नव्हता. गतिशास्त्रांतील एक तत्त्व आजही त्याच्या नांवानें ओळखलें जातें, आणि कंप पावणाऱ्या तारेचें समीकरण १७४७ सालीं त्यानेंच मांडलें. त्याचा विचार ऐकतांना त्यांत कोठें बिघडलें तें चटकन् सांपडत नाहीं, हीच त्या चुकीची खुबी. तीन प्रकार आहेत हें खरें. पण ते तिन्ही सारख्या वजनाचे आहेत हें खरें नाहीं. शंभर वेळां हा खेळ केला तर सुमारें पन्नास वेळां पहिल्याच फेकीस छापा पडून खेळ संपेल. 'आधीं कांटा, मग छापा' हा प्रकार सुमारें पंचवीस वेळां घडेल. आणि 'दोन्ही वेळां कांटा' हाही सुमारें पंचवीस वेळां. पन्नास आणि पंचवीस मिळून पंचाहत्तर झाले. दालांबेरनें पन्नासाच्या गठ्ठ्यास व पंचवीसाच्या गठ्ठ्यास एकच माप लावलें, एवढेंच.

आज हा प्रश्न सोडविणारा विद्यार्थी पुष्कळदां वर्गांत बसलेला नसतो. दिवसाची नोकरी आटोपून, घरांतील निजानीज झाल्यावर, तो संगणकाच्या पडद्यासमोर वही उघडून बसतो. पडद्यावर प्राध्यापक बोलत असतात, पण तें बोलणें कांहीं महिन्यांपूर्वीं किंवा वर्षांपूर्वीं मुद्रित करून ठेवलेलें असतें. नभोवाणीवरील भाषणांत आणि अशा व्याख्यानांत एवढें साम्य खचित आहे कीं दोहोंतही ऐकणाऱ्याच्या कपाळावरील आठी बोलणाऱ्यास दिसत नाहीं. वर्गांतील शिक्षक ती आठी पाहून थांबतो, खडू उचलतो, आणि तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनें सांगतो. दहा वर्षांपूर्वीं गणित सोडलेल्या आणि आतां या एका विषयावर ज्याची पुढील वाट अडलेली आहे अशा मनुष्यास या थांबण्याचें मोल किती, तें त्यानेंच सांगावें. जी चूक दालांबेरसारख्या पुरुषास स्वतःची स्वतःला दिसली नाहीं, ती या एकट्या बसलेल्या विद्यार्थ्यास कोण दाखविणार? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं या शास्त्राच्या जन्माकडे वळणें उपयोगाचें होईल. कारण तें शास्त्र स्वतःच दोन दूरच्या गांवांमधील टपालांतून जन्मास आलें आहे.

दालांबेरच्या चुकीचें घराणें मोठें आहे. त्याच्या पूर्वीं सुमारें सव्वाशें वर्षें गॅलिलिओपुढें फांशांचा एक प्रश्न आला होता. तीन फांसे टाकले असतां बेरीज ९ येण्याचे सहा प्रकार दिसतात, आणि १० येण्याचेही सहाच. मग खेळणाऱ्यांच्या अनुभवास १० हा आंकडा अधिक वेळां कां येतो? गॅलिलिओनें सर्व २१६ शक्यता हिशेबांत घेऊन दाखविलें कीं ९ ही बेरीज २५ प्रकारांनीं पडते आणि १० ही २७ प्रकारांनीं. तिन्ही फांशांवर तीन-तीन येण्याची तऱ्हा एकच आहे. पण एकावर चार व दोहोंवर तीन-तीन येण्याच्या तऱ्हा तीन आहेत. वर वर पाहतां हे दोन्ही 'एकेक प्रकार'च वाटतात. गंमत अशी कीं २५ आणि २७ यांतील अंतर २१६ च्या मानानें शेंकडा एकाहूनही कमी आहे, आणि तें जुगाऱ्यांच्या नजरेनें आधीं टिपलें. पंडितांचें गणित मागाहून आलें. लायब्निट्झ हा तर दालांबेरहूनही मोठा; पण दोन फांशांत ११ आणि १२ या बेरजा सारख्याच संभवनीय आहेत अशी त्याची समजूत होती. अकरा हे पांच-सहा आणि सहा-पांच असे दोन तऱ्हांनीं पडतात, बारा एकाच तऱ्हेनें, हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं.

फांशांचें ज्ञान ही शिकण्याशिकविण्याची विद्या आहे ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. महाभारतांतील नलोपाख्यानांत राजा ऋतुपर्ण रथांतून जातां जातां बिभीतक वृक्षाच्या फांद्यांवरील पानांफळांची संख्या सांगतो. नल रथ थांबवून, झाड तोडून मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो व बदल्यांत नलाची अश्वविद्या मागून घेतो. नमुन्यावरून सर्वांचा अंदाज आणि फांशांचें रहस्य या दोन गोष्टी कथाकारानें एकाच मनुष्याच्या ठायीं ठेवाव्या हें लक्षांत घेण्याजोगें आहे. परंतु कथेंत ती विद्या मंत्रासारखी एका क्षणांत दिली-घेतली जाते. तिची रीत सांगितलेली नाहीं. जें शास्त्र रीत सांगतें, पायरी पायरीनें सांगतें, आणि ऐकणाऱ्यास 'हें मला पटत नाहीं' असें म्हणण्याची मोकळीक ठेवतें, त्याचा आरंभ १६५४ सालच्या कांहीं पत्रांत झाला.

तीं पत्रें पॅरिसमधील ब्लेझ पास्कल व तुलूज येथील प्येर फेर्मा या दोघांमधील होत. फेर्मा हा व्यवसायानें तुलूजच्या न्यायसभेंतील अधिकारी. गणित हा त्याच्या फुरसतीचा उद्योग. पास्कल तेव्हां एकतीस वर्षांचा होता. प्रश्न शेव्हालिए द मेरे या दरबारी गृहस्थाकडून आलेला होता, आणि तो त्याच्याही पूर्वींचा, जुनाच होता. दोन गडी सारखी रक्कम पणास लावून खेळावयास बसतात. जो आधीं ठराविक डाव जिंकील त्याची सर्व रक्कम. खेळ मध्येंच मोडला. आतां रक्कम कशी वांटावी? इटालियन ग्रंथकार पाचोली यानें १४९४ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत सांगितलें होतें कीं आतांपर्यंत जिंकलेल्या डावांच्या प्रमाणांत वांटावी. तार्ताल्या यानें १५५६ सालीं तें नापसंत केलें. हा प्रश्न गणिताचा नसून न्यायाधीशाचा आहे, असा त्याचा अभिप्राय होता. एका गड्यानें एकच डाव जिंकला आहे आणि दुसऱ्यानें एकही नाहीं, तर पाचोलीच्या नियमानें सर्व रक्कम पहिल्याची होते. हें उघडच अन्यायाचें आहे.

पास्कलनें २९ जुलै १६५४ च्या पत्रांत आपली रीत मांडली. प्रत्येकानें बत्तीस सुवर्णनाणीं लावलेलीं आहेत, एकंदर चौसष्ट. तीन डाव जिंकील त्याचे पैसे. समजा, पहिल्यानें दोन जिंकले आहेत, दुसऱ्यानें एक. पुढचा डाव पहिल्यानें जिंकला तर त्याला चौसष्ट मिळतात. हरला तर दोघांची बरोबरी होऊन त्याला बत्तीस मिळतात. तेव्हां तो म्हणूं शकतो: 'बत्तीस तर कांहीं झालें तरी माझेच, उरलेल्या बत्तिसांचें नशीब सारखें आहे, ते निम्मे करा.' म्हणून त्याचे अठ्ठेचाळीस, दुसऱ्याचे सोळा. आतां एक पायरी मागें या. पहिल्यानें दोन जिंकले आहेत, दुसऱ्यानें एकही नाहीं. पुढचा डाव जिंकला तर चौसष्ट, हरला तर आतांच काढलेले अठ्ठेचाळीस. दोहोंचा मध्य छप्पन्न. आणखी एक पायरी मागें: एक विरुद्ध शून्य. जिंकला तर छप्पन्न, हरला तर बत्तीस, मध्य चव्वेचाळीस. या सगळ्यांत बेरीज आणि निमपट यांपलीकडे कांहीं नाहीं. जें घडून गेलें त्याकडे पाहावयाचें नाहीं, जें घडूं शकतें त्याकडे पाहावयाचें, हा विचार मात्र पूर्वीं कोणाच्याही लेखणींतून इतका स्वच्छ उतरला नव्हता.

फेर्माची रीत निराळी होती. पहिल्या गड्यास दोन डाव हवे आहेत आणि दुसऱ्यास तीन, तर जास्तींत जास्त चार डावांत निकाल लागणारच. चार डावांचे सोळा प्रकार होतात. ते सर्व मांडा आणि मोजा. अकरांत पहिला जिंकतो, पांचांत दुसरा. रक्कम अकरास पांच या प्रमाणांत वांटा. दोन निरनिराळ्या वाटांनीं दोघे एकाच ठिकाणीं पोंचले याचा पास्कलला मोठा आनंद झाला. पॅरिसला जें सत्य तेंच तुलूजलाही सत्य ठरतें, अशा आशयाचें त्यानें लिहिलें आहे.

यापुढचा भाग इतिहासांत सहसा थोडक्यांत आटोपला जातो, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीनें तोच महत्त्वाचा आहे. पास्कलनें फेर्माची रीत पॅरिसमधील गणितज्ञांना दाखविली, तेव्हां रोबेरवाल या नामांकित गणितज्ञानें हरकत घेतली. तो म्हणाला, चार डाव खेळतील हें गृहीत कां धरावें? पहिल्यानें दोन डाव लागोपाठ जिंकले तर खेळ तेथेंच संपेल. मग न खेळलेल्या डावांची मोजणी कशाला? शंभर वर्षांनीं दालांबेर जें म्हणणार होता तें हेंच. पास्कलनें त्यास उत्तर दिलें कीं, दोघां गड्यांनीं आपखुषीनें चारही डाव पुरे खेळावयाचें ठरविलें तरी कोणाचाही नफातोटा बदलत नाहीं. निकाल लागून गेल्यावरचे डाव निष्फळ असतात, पण ते धरल्यानें सर्व प्रकार सारख्या वजनाचे होतात. हें सर्व त्यानें २४ ऑगस्टच्या पत्रांत फेर्माला कळविलें. आणि त्याच पत्रांत पुढें, तीन गडी असतां फेर्माची रीत चालत नाहीं, असा आक्षेप त्यानें स्वतःच घेतला!

तीन गड्यांपैकीं पहिल्यास एक डाव हवा आहे, इतर दोघांस दोन-दोन. जास्तींत जास्त तीन डाव होतील आणि त्यांचे सत्तावीस प्रकार. पास्कलनें मोजतांना पाहिलें तों कांहीं प्रकार एकाच वेळीं दोघांस अनुकूल दिसूं लागले. तीन डावांपैकीं दोन दुसऱ्यानें जिंकले आणि एक पहिल्यानें, तर दोघांचीही गरज भागली. मग बक्षीस कोणाचें? फेर्मानें २५ सप्टेंबरला शांतपणें उत्तर लिहिलें. गरज आधीं कोणाची भागली तें पाहावें. दुसऱ्यानें पहिले दोन डाव जिंकले आणि तिसरा पहिल्यानें, तर बक्षीस दुसऱ्याचें. पहिल्याचा विजय उशिरां आला. अशा रीतीनें मोजलें म्हणजे सत्तावीसांपैकीं सतरा पहिल्याचे, पांच दुसऱ्याचे आणि पांच तिसऱ्याचे. २७ ऑक्टोबरच्या पत्रांत पास्कलनें हें मान्य केलें. दोन महिन्यांपूर्वीं रोबेरवालला समजावून सांगणारा पास्कल त्याच्याच शेजारच्या दगडावर अडखळला होता, आणि त्याला सावरणारा मनुष्य टपालाच्या दुसऱ्या टोकास होता.

पुढच्याच वर्षीं, १६५५ सालीं, ख्रिश्चन हायगेन्स हा तरुण डच शास्त्रज्ञ पॅरिसला आला. तेथें त्याला प्रश्न ऐकावयास मिळाले, पण त्यांच्या रीती मिळाल्या नाहींत. घरीं परत गेल्यावर त्यानें त्या स्वतः शोधून काढल्या आणि १६५७ सालीं फांशांच्या खेळांतील हिशेबावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. संभाव्यतेवरचें पहिलें छापील पाठ्यपुस्तक तें हेंच. सुमारें अर्धें शतक दुसरें पुस्तक नव्हतें. त्यांत चौदा सिद्धान्त आहेत आणि शेवटीं पांच प्रश्न वाचकावर सोपविलेले आहेत, त्यांची रीत न सांगतां. त्यांतील कांहीं त्याला फेर्माकडून आणि शेवटचा पास्कलकडून, एका मध्यस्थाच्या पत्रांतून, आलेला होता. धड्याच्या शेवटीं 'उदाहरणें' देण्याची चाल या शास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासूनच आहे म्हणावयाची.

ते पांचही प्रश्न याकोब बेर्नुली या स्विस गणितज्ञानें सोडविले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १७१३ सालीं, प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या भागांत हायगेन्सचा संपूर्ण निबंध टीपांसह छापलेला आहे. चवथ्या भागांतील एका सिद्धान्तावर आपण वीस वर्षें विचार केला असें त्यानें नमूद केलें आहे. एका कलशांत तीन हजार पांढरे व दोन हजार काळे खडे आहेत. प्रमाण आपणांस ठाऊक नाहीं. एकेक खडा काढून, रंग पाहून, परत टाकावयाचा. किती वेळां काढला म्हणजे खरें प्रमाण आपल्या हातीं आलें असें मानावें? बेर्नुलीचा हिशेब असा कीं पंचवीस हजार पांचशें पन्नास वेळां. म्हणजे पांढऱ्यांचें प्रमाण पन्नासांत एकोणतीस व एकतीस यांच्या दरम्यान येईल, याची खात्री हजारास एक इतकी. संख्याशास्त्र म्हणून आज जें शिकविलें जातें, नमुन्यावरून सर्वांचें अनुमान करावयाचें आणि त्या अनुमानाच्या कच्चेपणाचेंही माप सांगावयाचें, त्याचा पाया येथें पडला. आंकडा मात्र इतका मोठा निघाला कीं तेवढे खडे काढीत बसण्याचें धैर्य कोणासही होऊं नये.

थोड्या नमुन्यावरून काय म्हणतां येईल हा प्रश्न पुढें जवळजवळ दोनशें वर्षांनीं एका मद्याच्या कारखान्यांतून पुढें आला. डब्लिन येथील गिनेस कंपनींत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट याला बार्लीचे आणि हॉप्सचे चारपांचच नमुने तपासावयास मिळत. त्यानें लंडनला जाऊन कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेंत अभ्यास केला आणि १९०८ सालीं 'बायोमेट्रिका' या नियतकालिकांत आपला निबंध छापला. कंपनीच्या नियमामुळें त्यानें स्वतःचें नांव दिलें नाहीं. घेतलेलें टोपणनांव होतें 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी. १९१२ सालीं रोनाल्ड फिशर या तरुणानें गॉसेटच्या सूत्राची सिद्धता पत्रानें पाठविली. ती गॉसेटला नीटशी उमगली नाहीं, म्हणून त्यानें ती पिअर्सनकडे रवाना केली. जगांतील प्रत्येक प्रारंभिक पुस्तकांत ज्याची कसोटी शिकवितात, तो 'विद्यार्थी' आपल्याच सूत्राच्या सिद्धतेपुढें थबकला होता, हें आजच्या विद्यार्थ्यास कोणीं सांगितलें तर त्याच्या जिवास बरें वाटेल.

याच 'बायोमेट्रिका'च्या खंडांनीं हें शास्त्र हिंदुस्थानांत आणलें. १९१५ सालीं प्रशांतचंद्र महालनोबीस केंब्रिजचा अभ्यास संपवून निघाले होते. महायुद्धामुळें बोटीस उशीर झाला, आणि त्या अवधींत त्यांच्या एका अध्यापकानें त्यांचें लक्ष या खंडांकडे वेधलें. खंड त्यांनीं बरोबर घेतले आणि समुद्रप्रवासांत वाचून काढले. ते पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. संख्याशास्त्राचा वर्ग त्यांनीं कधीं पाहिला नव्हता. डिसेंबर १९३१ मध्यें कलकत्त्यास इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली ती त्यांच्याच हातून. महाराष्ट्रांतून या विद्येसाठीं गेलेल्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे; पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत शिकून ते लंडनला गेले आणि १९३६ सालीं तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजची डॉक्टरेट घेऊन परतले. शेतींतील पिकांच्या व पुढें अन्नपोषणाच्या मोजणींत त्यांचें नांव जगभर झालें. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला गेले. पुणें विद्यापीठांत १९५३ सालीं संख्याशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांच्या नेतृत्वाखालीं. या सर्वांना शिकण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागला. बुध गांवच्या मुलास आज तो ओलांडावा लागत नाहीं, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

घरीं बसून उच्च शिक्षण घेण्याची सोय मात्र हळूहळू होत गेली. लंडन विद्यापीठानें १८५८ सालीं आपल्या परीक्षा, कोठेंही शिकलेल्या मनुष्यास खुल्या केल्या. दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं टपालाद्वारें शिक्षण सुरू केलें. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठानें १९७१ पासून नभोवाणी व दूरचित्रवाणी कामास लावली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालीं आणि नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें. इंटरनेटवर भारतीय तंत्रविज्ञान संस्थांचीं व्याख्यानें ठेवण्याचा 'एनपीटेल' हा उपक्रम २००३ सालचा. २०११ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन अध्यापकांनीं कृत्रिम बुद्धीवरील आपला अभ्यासक्रम जगास मोफत खुला केला, तेव्हां सुमारें एक लाख साठ हजार लोकांनीं नांवें नोंदविलीं. शेवटपर्यंत टिकले ते वीस हजारांच्या घरांत. भारत सरकारचें 'स्वयम्' हें व्यासपीठ २०१७ सालीं सुरू झालें, आणि २०२० सालीं मद्रासच्या तंत्रविज्ञान संस्थेनें माहितीविज्ञानाचा संपूर्ण पदवी-अभ्यासक्रमच इंटरनेटवरून देण्यास आरंभ केला. त्याच्या प्रवेशपरीक्षेपूर्वीं चार आठवड्यांचा अभ्यास करावयाचा असतो, आणि त्या चार आठवड्यांतील विषयांत संख्याशास्त्र आहेच. उंबरठाच या शास्त्राचा आहे.

अशा अभ्यासक्रमांत आठवड्याच्या शेवटीं प्रश्नावली येते, आणि पुष्कळ वेळां ती चार पर्यायांतून एक निवडावयाची असते. तपासणी यंत्र करतें. बरोबर निवडलें तर हिरवी खूण, चुकलें तर तांबडी. दोन-तृतीयांश हें उत्तर निवडणाऱ्यास तांबडी खूण दिसते खरी, पण रोबेरवालला पास्कलनें जें सांगितलें तें ती खूण सांगत नाहीं. उलट नुसत्या अंदाजानें तीन-चतुर्थांशावर बोट ठेवणाऱ्यास हिरवी खूण मिळून जाते, आणि त्याची समजूत होती तेथेंच राहते. हा धोका किती, याचा हिशेब याच शास्त्रानें करतां येतो. दहा प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, आणि उत्तीर्ण होण्यास शेंकडा चाळीस गुण. कांहींही न वाचतां डोळे मिटून उत्तरें देणारा उत्तीर्ण होण्याचा संभव शेंकडा बावीसांहून थोडा अधिक आहे. प्रश्न पन्नास केले तर तोच संभव शेंकडा दोनाच्याही खालीं जातो. बेर्नुलीचा सिद्धान्त येथें परीक्षकाच्या बाजूनें उभा राहतो. म्हणूनच 'एनपीटेल'सारख्या ठिकाणीं आठवड्याच्या गृहपाठास शेंकडा पंचवीस गुण ठेवून उरलेले पंचाहत्तर गुण केंद्रावर, देखरेखीखालीं होणाऱ्या परीक्षेस दिले आहेत. यंत्रानें दिलेल्या गुणांवर फार भिस्त ठेवूं नये हें ती व्यवस्था जाणते असें दिसतें.

पण याच यंत्राचा दुसरा उपयोग असा आहे कीं जो बेर्नुलीस मिळाला असता तर त्याचीं वीस वर्षें हलकीं झालीं असतीं. १९४० सालीं जॉन केरिच हा दक्षिण आफ्रिकेंतील गणिताचा अध्यापक डेन्मार्कमध्यें असतांना जर्मन सैन्यानें तो देश घेतला, आणि केरिचला जटलंडमधील एका छावणींत स्थानबद्ध होऊन राहावें लागलें. हाताशीं वेळ पुष्कळ आणि साधन एक नाणें. त्यानें एका सोबत्याच्या मदतीनें तें नाणें दहा हजार वेळां फेकलें व प्रत्येक फेक नोंदली. छापा ५०६७ वेळां पडला. १९४६ सालीं त्यानें या प्रयोगांवर लहानसें पुस्तक काढलें. आरंभींच्या फेकींत छाप्यांचें प्रमाण कसें हेलकावे खातें आणि पुढें कसें निम्म्याजवळ स्थिरावतें, हें त्यांतील आंकड्यांवरून दिसतें. आज दोनचार ओळींच्या आज्ञा लिहून तीच गोष्ट संगणकावर पापणी लवण्याच्या आंत करतां येते. दालांबेरच्या प्रश्नाचा निकाल विद्यार्थ्यास वादांत न शिरतां लावून घेतां येतो: नाणें दोनदां फेकण्याचा खेळ लाख वेळां करावयाचा आणि निदान एक छापा किती वेळां आला तें मोजावयाचें. पंचाहत्तर हजारांच्या आसपास आंकडा येतो. सहासष्ट हजारांच्या आसपास कधींही येत नाहीं. मात्र पाहिलेलें आणि समजलेलें या दोहोंत अंतर राहतें. तें कां येतें हें संगणक सांगत नाहीं, आणि जो चार प्रकार स्वतःच्या हातानें वहींत मांडतो त्याला तें बहुधा विचारावें लागत नाहीं.

चुकीस उत्तर देणारा मनुष्य अशा अभ्यासक्रमांत कोठें असेल तर तो चर्चेच्या पानावर. तेथें एखादी बाई नागपूरहून आपली शंका लिहिते, दुसऱ्या दिवशीं एखादा गृहस्थ पणजीहून 'हे दोन प्रकार आपण एकच धरले आहेत' असें तिला कळवितो, आणि ज्या प्राध्यापकाचें व्याख्यान दोघांनीं ऐकलें तो कदाचित् त्या वेळीं तेथें नसतोही. अध्यापक ज्या पानाची आस्था बाळगीत नाहींत तें ओस पडतें. ज्याची बाळगतात तेथें १६५४ सालच्या उन्हाळ्यांतलीच गोष्ट लहान प्रमाणावर घडत असते.

पास्कल व फेर्मा यांचा पत्रव्यवहार त्या वर्षींच्या शरदऋतूंत थंडावला. पास्कलचें मन धर्मचिंतनाकडे वळलें आणि प्रकृति ढासळत गेली. १६६० च्या जुलैमध्यें पास्कल क्लेरमाँजवळ येऊन राहिला आहे असें फेर्माच्या कानीं आलें, तेव्हां त्यानें तुलूजहून लिहिलें कीं आपलीही प्रकृति बरी नसते. दोघांनीं अर्धी अर्धी वाट चालून मध्यें कोठें तरी भेटावें. पास्कलचें उत्तर ऑगस्टच्या दहा तारखेचें आहे. काठीवांचून चालवत नाहीं, घोड्यावर बसवत नाहीं, गाडींतूनही तीनचार कोसांपलीकडे जाववत नाहीं, असें त्यानें कळविलें. दोन वर्षांनीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. फेर्मा १६६५ च्या जानेवारींत गेला. ती भेट झाली नाहीं.